आवाज नसलेल्या दृश्याचं पत्रक

मी अडीच वर्षं हशा लिहिण्याचं काम केलं. विनोद इतर लोक लिहायचे, कधी कधी मीही लिहायचे, पण मला नेमून दिलेलं काम हशाचं होतं. संवादाच्या पानावर उजवीकडे दोन बोटं समास सोडलेला असायचा. त्यात मी लाल पेनाने खुणा करायचे. ह-एक म्हणजे खुदकन हसणं. ह-दोन म्हणजे मोकळं हसणं. ह-तीन म्हणजे हसता हसता टाळ्या. मुंबईत संकलनाच्या टेबलाशी बसलेला माणूस या खुणा बघून कॉम्प्युटरमधून तेवढा हशा काढायचा आणि त्या जागी चिकटवायचा. हे हसणारे लोक कोण, कधी हसले, कशाला हसले, कोणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं तर तो जांभई देत म्हणाला, "मॅडम, यातले निम्मे आता वारले असतील."

मला हे ऐकून खरोखर धक्का बसला होता. त्या नोकरीतला तो पहिला धक्का. शेवटचा मीच दिला, आणि तो चुकीच्या माणसाला बसला. त्यासाठीच हे लिहिते आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी गमतीचे किस्से मागितले होते. ते सापडतील तिथे सापडतील.

मालिका मराठी होती. नाच, गाणं आणि नाटक शिकवणाऱ्या एका कॉलेजातली सोळा ते अठरा वर्षांची मुलं, त्यांची भांडणं, स्पर्धा, प्रेमं. बुधवारी संध्याकाळी साडेसातला लागायची आणि रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा. नाव लिहीत नाही. ज्यांनी पाहिली ते ओळखतील, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांचं काही अडणार नाही.

हे कॉलेज भिवंडीजवळ अंजूरला एका गोदामात होतं. शेतांची गोदामं होत चालली होती तो काळ. हिराजीशेठ नावाच्या गृहस्थांनी भातशेतीत बांधलेल्या गोदामाला भाडेकरू मिळायचा होता, तेवढ्यात आमच्या कंपनीला स्वस्तात मोठी जागा हवी होती. पत्र्याच्या छपराखाली प्लायवूडची कमान, प्लायवूडचा जिना, प्लायवूडचा रंगमंच. बाहेरून ट्रक जायचे, पत्रा थरथरायचा, म्हणून चित्रीकरणाच्या वेळचा आवाज आम्ही वापरतच नसू. सगळे संवाद नंतर मुंबईत पुन्हा रेकॉर्ड व्हायचे. एवढं ध्यानात ठेवा. सेटवर कोण काय पुटपुटलं, ते कोणालाही ऐकू जात नसे.

मी तिथे कशी गेले, तर पत्रकामुळे. आमचं घर भिवंडीत, नारपोलीला. आप्पा, म्हणजे माझे वडील, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आणि उरलेल्या वेळात युनियनचे. मला अक्षरओळख पाटीवर झाली नाही, पत्रकांवर झाली. शाळेत जायच्या आधीपासून मी पत्रकांच्या घड्या घालत होते, आणि मोठी झाल्यावर ती लिहायला लागले. अंजूरच्या गोदामांत माल बांधायला येणाऱ्या बायकांना संडास नव्हते. त्यावर मी एक पत्रक लिहिलं आणि सगळ्या गोदामांच्या दारांवर चिकटवलं, त्यात या कॉलेजच्याही. दुसऱ्या दिवशी मी चिकटवलेलं टिकलंय का बघायला गेले, तर दारात एक चष्मेवाले गृहस्थ ते वाचत उभे होते. ते मालिकेचे मुख्य लेखक. पुढे आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"वाक्यं छोटी आहेत तुमची," ते म्हणाले. "आमच्याकडे सगळे एम.ए. झालेले आहेत, एकालाही आठ शब्दांत थांबता येत नाही. काम करणार?"

"आधी संडास," मी म्हणाले.

सरांनी प्रॉडक्शन मॅनेजरला हाक मारली. पंधरा दिवसांत त्या गोदामामागे दोन संडास झाले. मालिकेने भिवंडीसाठी केलेलं ते सर्वांत टिकाऊ काम, आणि ते मी पहिल्याच दिवशी करून घेतलं, असं मी पुढे कोणालाही ऐकवत असे.

मालिकेचे गुण आधी सांगते. आमच्या पत्रकांत प्रतिपक्षाचे गुण सांगायची पद्धत नव्हती, त्यामुळे हे मला जड जातं.

तिच्यात सासू नव्हती. दागिने नव्हते. सोळा वर्षांची मुलं सोळा वर्षांचीच दिसायची, पिंपल्ससकट. तबला वाजवणारी मुलगी खरोखर तबला वाजवायची. एका भागात एक मुलगा रंगमंचावर जायच्या आधी घाबरून उलटी करतो आणि त्याचा मित्र बादली धरून उभा राहतो. त्या दृश्यापुढे मी हशाची खूण केली नाही आणि सरांनीही केली नाही. आमच्या चाळीतल्या मुली बुधवारी अभ्यास साडेसातच्या आधी संपवायला लागल्या. ज्या घरांत मुलीने नाचणं म्हणजे फक्त लग्नात आणि गणपतीत, त्या घरांत नाच शिकायचा असतो, त्याला गुरू असतो, परीक्षा असते, हे पहिल्यांदा बोललं जाऊ लागलं.

एका दुपारी धामणकर नाक्यावरचे एक शिंपी थेट सेटवर आले. सोबत दहावीतली मुलगी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, जन्माचा दाखला आणि दोन फोटो. त्यांना प्रवेशाचा फॉर्म हवा होता. त्यांना कॉलेज खरं वाटलं होतं. कमानीखाली उभे राहून ते मला म्हणाले, "होस्टेल नको. आम्ही रोज रिक्षाने आणून सोडू." मी त्यांना कमान मागून दाखवली. नुसत्या फळ्या आणि खिळे. मुलगी खाली बघत राहिली. शिंपीकाकांनी कमानीवर दोनदा हात फिरवला आणि विचारलं, "मग खरं कुठं आहे?"

मी घरी येऊन चौकशी केली तर भिवंडीत असं कॉलेज नव्हतं, ठाण्यातल्या क्लासेसची फी ऐकून मीच फोन खाली ठेवला. आम्ही अडीच वर्षं प्रत्येक बुधवारी एका नसलेल्या दाराची जाहिरात करत होतो. याला गुण म्हणायचं की दोष, मी अजून ठरवलेलं नाही.

दोष मात्र मला पाठ आहेत. या कॉलेजात कोणीही रियाज करत नसे. मुलं कँटीनमध्ये बसायची, एकमेकांच्या चिठ्ठ्या चोरायची, आणि बाविसाव्या मिनिटाला स्पर्धा जिंकायची. मी सरांना म्हणाले, लूमवर नवा माणूस आला तर त्याला तुटलेलं सूत जोडायला शिकायला महिने लागतात. आपल्या मुलांना कथ्थक बाविसाव्या मिनिटाला कसं येतं? सर म्हणाले, "रियाज दाखवला की लोक चॅनेल बदलतात." शिक्षक सगळे विदूषक. श्रीमंत मुलं चुकायची तेव्हा पाठीमागे बासरी वाजायची, गरीब माणूस दारातून आत आला की हशा यायचा. शिपाई आला, ह-एक. डबेवाली मावशी आली, ह-दोन. ते मी लिहायचे. पत्रकांवर वाढलेली मी, लाल पेनाने.

म्हणून मी नंदा या नव्या पात्रासाठी भांडले. लूमच्या गावातून शिष्यवृत्तीवर आलेली, नाच शिकणारी मुलगी. सर तीन महिने नाही म्हणत होते, मग म्हणाले, "तुझ्या हट्टासाठी घेऊ. कोण करेल?"

ती आमच्या नाकासमोर होती. हिराजीशेठची धाकटी, बारावीत शिकणारी. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, प्राजू म्हणू. गोदामाच्या मागेच त्यांचं घर. आमच्या नाच बसवणाऱ्या बाईंनी तिला गावात एका हळदीला नाचताना पाहिलं होतं आणि सकाळी येऊन त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "त्या मुलीचे पाय बघा."

शेठना विचारायला मी गेले. ते ओटीवर बसले होते, प्राजू दाराआड.

"टीव्हीत?" शेठ म्हणाले. "आमच्या पोरी हळदीला नाचतात. ती आपली मानसं, आपला मांडव. टीव्ही कोन बघतंय आपल्याला काय ठावं?"

मी अर्धा तास बोलले. कला, शिक्षण, बंधनं, सगळं. ते माझ्याकडे न बघता ऐकत होते. तेव्हा डान्सबारवरून रोज पेपरात काहीतरी येत होतं आणि नाच हा शब्द घरात उच्चारायची चोरी झाली होती. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या भरोशावर पाठवतो. पन एक ध्यानात ठेवा. पोरीच्या नाचावर कोनी एक शब्द वाकडा बोलला ना, त्या दिशी बंद. कायमचा. मग हळदीला पन न्हाय."

दाराआडून प्राजूने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला वाटलं, आभार मानतेय. आता वाटतं, ती अट नीट ऐकलीस ना, असं विचारत होती.

आठ महिने सगळं छान चाललं. मग मी तो प्रसंग लिहिला.

त्यासाठी आईबद्दल सांगायला हवं. आई कांडी भरायची. लूमच्या धोट्यात सुताची कांडी बसते. ती यंत्रावर भरून द्यायचं काम बायका करतात. वीस वर्षं लूमशेजारी बसून आईचे कान जवळजवळ गेले. पण त्या शेडमध्ये ज्यांचे कान शाबूत असतात त्यांनाही काही ऐकू येत नाही. त्या खटखटाटात ओरडण्यात अर्थ नसतो. म्हणून बायका आवाज न काढता बोलतात. नुसते ओठ. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेची सगळी कहाणी सांगते, मुकादम मधून चालत जातो आणि त्याला पत्ता लागत नाही. लहानपणी आम्ही चाळीतली मुलं आईसमोर नुसते ओठ हलवून तिला फसवायला बघायचो. ती फसायची नाही. आम्ही काय म्हणालो ते शब्द न् शब्द सांगायची आणि वर धपाटा घालायची.

मी हे वापरलं. प्रसंग असा: नंदाची आई डबा घेऊन होस्टेलला येते. तिला कमी ऐकू येतं. दोन टवाळ मुलं तिच्यासमोर नुसते ओठ हलवतात. तिला वाटतं आपले कान पूर्णच गेले. ती कानावर हात मारते, डोकं हलवते, गोंधळते. ह-तीन.

कागदावर मी कंसात लिहिलं होतं: मुलं नुसते ओठ हलवतात, आवाज नाही.

लूमवरची बाई अशी गोंधळणार नाही, हे माझ्याइतकं त्या सेटवर कोणालाही माहीत नव्हतं. ती ओठ वाचेल. पण ओठ वाचले तर हशा कुठून येणार? खरं काय ते ठाऊक असून मी ते उलटं करून लिहिलं आणि समासात लाल खूण केली. त्या आठवड्यात सर सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात निरीक्षण." मी खूश झाले.

बुधवारी आमच्या घरी आईच्या शेडमधल्या तिघी जणी मालिका बघायला यायच्या. शेजारच्या सकीनाआपा त्यांतल्या सर्वांत मोठ्या. त्या बुधवारी मीच सगळ्यांना आठवणीने बोलावलं होतं. आईला खुणेने म्हणाले, आज तू आहेस त्यात.

प्रसंग आला. टवाळ मुलाचं काम करणाऱ्या निखिलचा चेहरा पडदाभर आला, ओठ हलू लागले. सकीनाआपा हसून म्हणाल्या, "अरे, ये तो अपनी शेडवाली बोली है." मग त्यांचं हसू थांबलं. चौघी पुढे वाकल्या. टीव्हीतून टाळ्यांसकट हशा येत होता, आणि आमच्या खोलीत चार बायका एकाच वेळी गप्प झाल्या होत्या.

"काय झालं?" मी विचारलं.

सकीनाआपांनी पदर डोक्यावर ओढला. "बंद कर दे, बेटा."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न काढता, ओठांनी, निखिल काय म्हणाला ते मला सांगितलं. एकच वाक्य. नंदाच्या आईला विचारलेलं. त्यात तिची पोरगी होती, तिचा नाच होता, आणि कुठे नाचते नि काय भाव, असा प्रश्न होता. ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.

आधी माझा विश्वास बसेना. मी म्हणाले, तुझी काहीतरी चूक होतेय. आईने सकीनाआपांकडे बोट केलं. त्यांनी मान खाली घालून तेच वाक्य हिंदीतून सांगितलं. उरलेल्या दोघींनीही तेच वाचलं होतं. सेटवर ट्रकच्या आवाजात उभं राहून, काहीच रेकॉर्ड होत नाहीये म्हणून, त्या मुलाने त्या वयस्कर नटीच्या तोंडावर हे म्हटलं होतं, आणि ते महाराष्ट्रभर दिसलं होतं. आणि ती जागा त्याला मी तयार करून दिली होती.

"उद्या मी त्यांना सोडत नाही," मी म्हणाले.

आई म्हणाली, "बाय, आधी त्या अंजूरच्या पोरीला विचार. बोलनं तिच्यावर गेलंय. तिला काय पायजे ते कर."

मी ऐकलं. म्हणजे कानाने ऐकलं.

गुरुवारी सेटवर निखिलला बाजूला घेतलं. गोरागोमटा, मुंबईचा, एरवी मला ताई ताई करणारा मुलगा. आधी हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"ताई, तुम्हीच लिहिलं होतं ना, नुसते ओठ हलवा. आम्ही काहीही बोलत होतो. आवाज नव्हताच."

"चार बायकांनी वाचलं."

"ओठ कोण वाचतं, ताई?"

"भिवंडी वाचते."

तो रडकुंडीला आला. माफी मागतो म्हणाला, कोणाची मागू ते सांगा म्हणाला. मी सांगितलं नाही. मला त्याची खाजगी माफी नको होती, मला लढा हवा होता. सरांकडे गेले आणि म्हणाले, रविवारी हा भाग पुन्हा लागणार, त्यातून हे दृश्य काढा आणि पडद्यावर जाहीर माफी मागा.

सरांनी चष्मा काढून पुसला. "दृश्य काढायचं बघतो. चॅनेलशी बोलावं लागेल. माफीचं मात्र डोक्यातून काढ. कशाबद्दल मागायची ते सांगावं लागेल ना? मग जे कोणी ऐकलं नाही ते सगळे ऐकतील."

"म्हणजे दडपायचं."

"तू त्या मुलीशी बोललीस का?" सरांनीही तेच विचारलं.

प्राजूचं त्या दिवशी चित्रीकरण नव्हतं. तिचं घर गोदामामागे, चालत दोन मिनिटांवर. मी रागाने फाटकाबाहेर आले, समोर रिक्षा उभी होती, बसले. रिक्षा तिच्या दारावरून गेली. अंगणात ती कपडे वाळत घालत होती. तिने हात केला. मीही केला. रिक्षा थांबवली नाही, कारण माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार झाली होती.

शुक्रवारी प्रेसवर बसून पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं पत्रक, अजूनही तसंच वाटतं. एकही वाक्य आठ शब्दांच्या वर नाही. मालिकेचे सगळे दोष मी त्यात काढले, गरिबावरचा हशा, खोटा रियाज, सगळं. आणि मधोमध चौकट टाकून, जाड ठशात, ते वाक्य. पुरावा म्हणून. प्राजूचं नाव घातलं नाही. 'नंदाचं काम करणारी अंजूरची मुलगी' असं लिहिलं आणि नाव वाचवल्याचं समाधान मानलं. शनिवारी धामणकर नाक्यावर मी आणि आप्पांचे दोन कार्यकर्ते उभे राहिलो. शेअर रिक्षांच्या रांगेत प्रत्येक रिक्षात एक पत्रक टाकलं. लोक वाचत होते, संतापत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सकीनाआपा भाजी घेऊन चालल्या होत्या. मी त्यांच्या हातात पत्रक दिलं. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. शेजारच्या माणसाने वाचून दाखवायला सुरुवात केली, चौकटीपर्यंत आला, आणि आपांनी त्याच्या हातातून ते काढून घेऊन पिशवीत भाजीखाली दडवलं. आणि त्या तडक घरी निघाल्या.

रविवारी दुपारी पुन्हा भाग लागला. आम्ही घरी टीव्हीपुढे बसलो. नंदाची आई डबा घेऊन कमानीतून आत आली, आणि पुढचं दृश्य थेट नृत्याच्या वर्गाचं. मधला प्रसंग नव्हता. कापला होता.

सरांनी शुक्रवारीच चॅनेलशी बोलून तो काढायला लावला होता. मूळ टेपवरून सुद्धा. मला कळवायला त्यांनी घरी फोन केला होता, आप्पांनी सांगितलं होतं ती प्रेसवर आहे. आप्पा निरोप द्यायला विसरले, आणि दिला असता तरी मी छपाई थांबवली असती, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

म्हणजे रविवारी दुपारपासून ते वाक्य जगात फक्त एका ठिकाणी शिल्लक होतं. माझ्या पत्रकात, चौकटीत. बुधवारी ते चार बायकांनी वाचलं होतं, फार तर शेडमधल्या आणखी काही जणींनी, आणि त्या कोणाला सांगणाऱ्या नव्हत्या. बाकीचं मी वाटलं होतं. आई माझ्याकडे बघत होती. ओठही हलवले नाहीत तिने.

सोमवारी हिराजीशेठ सेटवर आले. गोदामाचे मालक असून ते कधी आत येत नसत. शर्टाच्या खिशात पत्रकाची घडी दिसत होती. प्लायवूडच्या जिन्यापाशी मी उभी होते.

"रिक्षावाल्यानं आनून दिलं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "बुधवारी आमच्याकडं पन टीव्ही चालू हुता. समदं घर बसलं हुतं. आमाला काय समजलं न्हाय. आमी हसलो. प्राजूची आई पन हसली." त्यांनी खिशातली घडी काढली. "आता गावात समद्यांनी वाचलं. तुमी शिकलेल्या पोरी. ह्ये छापताना हात थांबला न्हाय?"

"शेठ, दोष त्या मुलाचा—"

"त्या पोराला मी वळखत न्हाय," शेठ म्हणाले. "तुमच्या भरोशावर पाठवली हुती."

त्यांनी गोदाम काढून घेतलं नाही. मुदत होती तोवर आम्ही तिथेच काम केलं. फक्त त्यांनी मुलगी काढून घेतली. नंदाला कुठे पाठवायचं हे लिहायचं काम सरांनी मलाच दिलं, शिक्षा म्हणून नाही, दुसरं कोणी मोकळं नव्हतं म्हणून. मी प्राचार्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं: नंदाला दिल्लीची शिष्यवृत्ती मिळाली. शिपाई म्हणतो, मग आता डबा दिल्लीला का? समासात खूण करायची जागा होती. मी पेन टेबलावर ठेवलं आणि राजीनामा लिहिला. पुढच्या बुधवारी पाहिलं, तिथे ह-दोन होता. दुसऱ्या कोणीतरी केला असेल.

निखिल पुढे दुसऱ्या मालिकांत दिसू लागला. प्राजू कुठेच दिसली नाही. शेठनी अट पाळली. गावातल्या हळदीत ती बायकांमध्ये बसून असते, असं नाच बसवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं. मी दोनदा अंजूरच्या रिक्षेत बसून अर्ध्या वाटेवरून परत आले.

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी हा लेख एका बैठकीत लिहून काढला. छोटी वाक्यं, चांगली वाक्यं. पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि मग पुन्हा फोडलं. या वेळी अंजूरपर्यंत गेले. प्राजूच्या आईंनी पाणी दिलं आणि त्या आत निघून गेल्या. प्राजू ओटीवर बसली होती. लग्न ठरलंय तिचं.

"तुझ्याबद्दल लिहिलंय," मी म्हणाले. "तू नाही म्हणालीस तर फाडते."

"त्ये वाक्य हाय का त्यात?"

"नाही."

"नाव?"

"बदलते."

"मंग वाच."

मी सगळं वाचून दाखवलं. शिंपीकाका आले तेव्हा ती हसली. रिक्षाचं आलं तेव्हा म्हणाली, "मी हाक पन मारली हुती, ताई. तू ऐकली न्हायस." मी वाचून संपवलं आणि कागद मांडीवर ठेवले.

"मालिकेत काय चांगलं, काय वाईट, त्ये समदं लिवलंस," ती म्हणाली. "त्या पोराचं लिवलंस, बाबांचं लिवलंस, तुझं लिवलंस. मी नाचले कशी, त्ये कुठं हाय?"

मी कागद चाळले. कुठेच नव्हतं.

"त्ये लिव. मंग छाप."

टेपा आता नाहीत. आमच्याकडे जुन्या टेपांवर नवीन चित्रीकरण करायची पद्धत होती. मालिकेत तिच्या नाचाचे कधी वीस सेकंद असायचे, कधी पंचवीस, त्यांवर कोणाचा तरी संवाद. पूर्ण नाच फक्त आम्ही सेटवरच्यांनी पाहिला. तो असा होता. दुपारची वेळ, पत्रा तापलेला, ती अनवाणी, म्हणून प्लायवूडवर आधी पाणी शिंपडून घ्यायची. मग बाईंनी ठेका धरला की पहिली आठ-दहा आवर्तनं तिचा चेहरा अगदी कोरा, जसा कोणी काम करताना असतो. सगळं पायांत. टाच पडायची ती इतकी नेमकी की बाहेरून ट्रक गेला तरी ठेका पायातून कळायचा, मी जमिनीवर बसलेली असायचे तर तळहाताला कळायचा. मग हात यायचे, उशिरा, घाई न करता. गिरकी घेताना ती नजर एका खिळ्यावर ठेवायची, कमानीच्या वरच्या डाव्या खिळ्यावर, आणि एकदा तिने सलग अकरा गिरक्या घेतल्या आणि थांबली तेव्हा जिथून सुरू केलं त्याच ओल्या ठशावर तिचा पाय होता. लाईटवाले दोघे जण काम सोडून उभे होते. सर कट म्हणायचं विसरले. तिने घाम पुसला, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "सातव्याला डावा पाय चुकला. परत घेऊ?" आणि तिने परत घेतलं.